मधली रेघ

"पट्टी ठेव, बोट काढ, मग बोल."

औरंगपुऱ्यातल्या चाचांकडं कुठलाही प्रश्न न्या, आधी हे ऐकावं लागायचं. चार्जर नि पॉवर सप्लाय दुरुस्त करायचं त्यांचं टीचभर दुकान. नवे पॉवर सप्लायही ते बनवायचे, पण कॅल्क्युलेटरला शिवायचे नाहीत. भिंतीवर त्यांनी स्वतः ओढलेला तीन उभ्या रेघांचा तक्ता होता. डाव्या रेघेवर किती करंट हवा, उजव्या रेघेवर व्होल्टेजची किती गुरगुर, म्हणजे थरथर, चालेल. दोन्ही आकड्यांवरून आडवी पट्टी ठेवली, की ती मधल्या रेघेला जिथं छेदेल तेवढा कपॅसिटर. संपलं डिझाइन.

मी कामगारांसाठी पत्रकं लिहिते. अन्याय मला लांबून दिसतो. चाचा म्हणायचे, "इसको तो पंखे में भी साजिश दिखती." आता खोटं कशाला बोलू, दुकानातला पंखा फिरायचा तो फक्त त्यांच्याच बाजूला.

बजाजनगरची मंगल वाळूजच्या एका कारखान्यात सहा वर्षं सोल्डरिंग करत होती, तीही हेल्पर म्हणून. टेक्निशियन का नाही? तर म्हणे दहावीवाल्या बाईला डिझाइन जमत नाही! मी भांडले. साहेबांनी परीक्षा ठेवली: समोर बसून एक पॉवर सप्लाय डिझाइन करायचा नि चालवून दाखवायचा. मंगलला चाचांकडं नेलं. आठवड्यात तिची पट्टी सराईतपणे चालायला लागली.

"चाचा, एवढंच व्हय?" मंगलनं विचारलं.

"एवढंच. बाकीचं लोगांना डरवायला ठेवलंय."

हे वाक्य मी पत्रकावर छापलं, खाली तक्ता. परीक्षेच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटली. मंगलचा हातानं उतरवलेला तक्ता मळला होता, म्हणून तिलाही हेच कोरं पत्रक दिलं. परीक्षेच्या दिवशी दुपारी चाचांनाही एक नेऊन दाखवलं. त्यांनी पट्टी ठेवली, बोट काढलं, तीच पट्टी भिंतीवरच्या तक्त्यावर ठेवून पाहिली.

मग म्हणाले, "मधली रेघ कुणी हलवली?"

"मी. घोषणेला जागा पुरत नव्हती."

"रेघांतलं अंतर हाच तो हिसाब, बेटा. तुझ्या पत्रकावर सगळे कपॅसिटर छोटे निघतेत. सप्लाय गुरगुरणार, नि मंगल तेच घेऊन परीक्षेला बसली."

लगेच शटर ओढून, भिंतीवरचा तक्ता छातीशी धरून ते माझ्या स्कूटीवर बसले. वाळूजपर्यंत शिव्या. फाटकावर वॉचमननं अडवलं. "ही दडपशाही..." मी सुरू केलं.

"तू चुप बस, अम्मा." मग चाचा वॉचमनकडं वळून अगदी नरमाईनं, "भाऊ, लेकीचा इम्तिहान है. एवढा कागद आत दे ना."

तक्ता आत गेला. मंगल पास झाली.

मी पेढे घेऊन दुकानात गेले. चाचांनी पेढा तोंडात टाकला नि विचारलं, "वाटलेली पत्रकं किती?"

"दोनशे."

"परत आण. उद्या कुणी त्यावरून काही बनवलं नि बिघडलं, तर बोलणी मंगलला बसतील."

पत्रक वाटताना कुणी तुमच्याकडं बघतही नाही. परत मागायला जा, प्रत्येकाला 'का?' विचारायचं असतं. प्रत्येकाला सांगावं लागलं, "माझी चूक झाली." हे वाक्य आजवर मी एकाही पत्रकात लिहिलं नव्हतं. चाचांना मात्र भलतीच मजा वाटत होती. रोज विचारायचे, "किती राहिली, लीडर?"

पुढं चाचा आजारी पडले. दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला असतानाही नळी बाजूला करून तेच विचारलं. मी म्हणाले, "नऊ."

आठ मिळाली, तोवर चाचा गेले. नववं एका भजीवाल्याकडं होतं, अर्धं तेलात भिजलेलं. ते घेतलं, स्कूटी वळवली, आणि थेट औरंगपुऱ्यात बंद शटरसमोर जाऊन उभी राहिले.