काळं तेल

काल जुन्या डायरीतून काळसर डागाचा एक फिल्टर पेपर पडला आणि जळक्या डिझेलचा वास आठवला. तेव्हा मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये नवीन होते. इंजिनात काजळी साचू नये म्हणून तेलात मिसळायचं एक नवं रसायन आम्ही तयार केलं होतं. घाटकोपरच्या एका गॅरेजमधल्या टेम्पोत ते घातलं होतं, शेजारच्या टेम्पोत साधं तेल. काही महिन्यांनी नमुने घ्यायला गेले तर साधं तेल चहासारखं तपकिरी, आणि आमचं डांबरासारखं काळं! वाट लागली, म्हणत मी तिथेच स्टुलावर बसून वहीत ‘नापास’ लिहिलं. म्हातारा मेकॅनिक हात पुसत बघत होता. साध्या तेलाच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, धूर दोन्ही गाड्या सारखाच करतात ना? मग हिची काजळी गेली कुठे?” त्याने दोन्ही इंजिनांची वरची झाकणं उघडली. साध्या तेलाच्या इंजिनात बोट फिरवलं तर लोण्यासारखा काळा गाळ निघाला. आमचं इंजिन आतून स्वच्छ होतं. “तुमच्या तेलाने सगळी काजळी स्वतःच्या अंगावर घेतली,” तो म्हणाला. मी आमच्या तेलाचा एक थेंब फिल्टर पेपरवर सोडला. तो मध्ये गोळा न होता एकसारखा पसरत कडेपर्यंत गेला, म्हणजे काजळी गुठळ्या न होता तेलातच बारीक विखुरली होती. मी ‘नापास’ खोडलं. आता लॅबमधलं कुणी फारच स्वच्छ रिपोर्ट घेऊन आलं, की सही करण्याआधी मी एवढंच विचारते, “काजळी गेली कुठे?”