दारावरचं इटालियन कापड

तुम्ही शेवटचे कधी फसलात, आणि ते कुणाला सांगितलंत?

उत्तराची घाई नाही. आधी सुकलाल नानांची ओळख करून देते.

नाना माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी बाहीला हात लावायचे. बाहीचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचं, डोळे मिटायचे आणि दोन क्षण थांबायचं. मी सातवीत असताना गणवेश शिवायला त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या फ्रॉकची बाही अशीच धरून ते म्हणाले, "निम्मं सूत शे, निम्मं नायलॉन. उन्हात टोचत असेल." टोचायचंच. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "तू कोनी पोर शे?"

मी पत्रकं वाटणाऱ्याची पोर होते. अमळनेरच्या एसटी स्टँडवर माझे वडील पत्रकं वाटायचे: कधी मजुरांच्या हक्काची, कधी हुंड्याविरुद्धची. उरलेली आमच्या घरात डब्यांखाली, फळ्यांवर अंथरलेली असत. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. नानांचं दुकान स्टँडच्या रस्त्यावर होतं. गळ्यातली टेप ते घरी जातानासुद्धा काढत नसत. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवू लागले. ऐकताना त्यांचं मशीन थांबत नसे. न पटणाऱ्या वाक्याला मात्र थांबायचं. त्या शांततेत मला माझी चूक कळायची.

एकेकाळी नवरदेवाचा सूट म्हणजे सुकलाल नाना, असं तालुक्यात होतं. मग तयार कपड्यांची दुकानं आली. नानांच्या वाट्याला जीन्सची उंची कमी करणं आणि चेन बदलणं उरलं. तक्रार त्यांनी केली नाही. एकदाच म्हणाले, "आता कोनी विचारतच नही, नाना हे कापड कसं शे."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

एका दुपारी ते धुळ्याला अस्तर आणि बटणं आणायला गेले होते. स्टँडबाहेर एक पांढरी गाडी त्यांच्याजवळ थांबली. आत नीटनेटके दोन तरुण होते. सुरतेच्या प्रदर्शनातून आलोय, इटलीच्या मोठ्या कंपनीचे सूटपीस उरलेत, परत न्यायचे तर विमानात वजन होतं, असं त्यांनी सांगितलं. असल्या लोकांना नाना एरवी उभं करत नसत. पण त्यातल्या एकाने गळ्यातली टेप बघितली आणि उघडा तुकडा पुढे धरून म्हणाला, "चाचा, आप तो कारीगर हो. आप ही बताओ, माल कैसा है."

नानांनी चिमटीत धरून डोळे मिटले. धागा काढून काडी लावली. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात विरली. अस्सल लोकर. असं कापड कित्येक वर्षांत हाताला लागलं नव्हतं. त्यांनी गाडीतले पाच बंद खोके घेतले. काय भावाने, ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या जाणत्या माणसाने एक खोका तरी उघडायचा! पण ते होते आहेरासाठी. सोनेरी रिबीन सुटली की आमच्याकडे तो आहेर उघडलेला ठरतो, आणि उघडलेला आहेर द्यायचा म्हणजे नाक कापून घ्यायचं. म्हणूनच आहेराचे सूटपीस वर्षानुवर्षं बंद फिरतात. या लग्नातून त्या लग्नात जाताना चिठ्ठीवरचं नाव बदलतं, खोका तोच राहतो.

त्यांच्या पुतणीचं, चित्राचं लग्न धरणगावला झालं. बाप नसलेली पोर, नानांनीच वाढवलेली. जावयाला त्यांनी ताठ मानेने खोका दिला. बाकीचे चार त्याच लग्नसराईत नातेवाइकांकडे गेले. त्याच दिवसांत मी एक पत्रक लिहीत होते, गाडीतून नकली माल विकणाऱ्या टोळ्यांवर. त्यात ठसक्यात एक वाक्य होतं: "हावरट माणूसच फसतो." ते मी वाचलं तेव्हा नानांचं मशीन थांबलं नाही. उलट मान हलवून ते म्हणाले, "बरोबर शे."

महिन्याभराने जावई तोच खोका घेऊन दुकानात आला. "नाना, तुमच्याच हातचा सूट हवा." मी तिथेच बाकावर बसले होते. नानांनी हौसेने रिबीन सोडली, चिमटीत कापड धरलं, डोळे मिटले.

ते डोळे बराच वेळ उघडले नाहीत.

"जावईबापू, माप घेतो. आठ दिवसांनी या," एवढंच म्हणाले. जावई गेल्यावर त्यांनी धागा काढून काडी लावली. धागा वितळला. काळी, टणक गोळी झाली आणि प्लास्टिकचा वास दुकानभर पसरला.

"काय व्हयनं, नाना?" मी विचारलं.

"मी फसनू, पोरी."

त्यांच्या कपाटात एक खरा लोकरीचा तुकडा होता, स्वतःसाठी राखलेला. ते उठले, तो काढून टेबलावर पसरला, खडूही उचलला. मी म्हटलं, "हाच शिवा. कुणाला कळणार आहे?" पत्रकांवर वाढलेली मी हे बोलले, याची आजही लाज वाटते. पण माझ्या डोळ्यांपुढे चित्रा होती. सासरी तिला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

नाना तुकड्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हा झाकशू. आनि बाकीना चार? ते मनं नाव घीसन गावोगाव फिरी राह्यनात." त्यांनी माझं अजून छापायचं राहिलेलं पत्रक मागून घेतलं आणि त्याच खडूने त्या ठसकेबाज वाक्यावर आडवी रेघ मारली. "चोर शे याच्यात, पोलीस शे. फसेल मानूस कुठे शे? मनं नाव टाक."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने धरणगावला गेलो. नानांच्या मांडीवर खोका होता. 

व्याह्यांच्या ओसरीवर त्यांनी खोका उघडला आणि सरळ सांगितलं, "हाई कापड नकली शे, प्लास्टिकनं. मी वयखाले चुकनू, फसनू."

चित्राच्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आहेरात प्लास्टिक दिलं म्हणा ना! त्यापेक्षा बादली द्यायची नाना, कामाला तरी आली असती."

आतल्या दारात चित्रा चहाचा ट्रे घेऊन उभी होती.  नाना उठले आणि हात जोडून म्हणाले, "मले बोला, ताई. जे बोलनं ते मलेच. पोरले काही बोलू नका."

 मग चित्राचे सासरे, आबा, उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाकीट होतं. घडी उलगडताच काळे पापुद्रे ओसरीभर पडले.

"जळगावच्या बायपासला," आबा म्हणाले. "गाडीवाला म्हणे, लंडनचं चामडं."

"आणि मला काय सांगितलं होतं?" सासूबाई.

"मित्राने दिलं म्हणून."

"अहो, आपल्याकडे मे महिन्यात कौलं तापून तडकतात आणि तुम्ही चामड्याचं जाकीट घेतलं?" त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मग उठून त्यांनी चित्राच्या हातातला ट्रे घेतला आणि पहिला कप नानांना दिला. चित्रा तिथेच, नानांच्या शेजारी बसली.

परत आल्यावर नानांनी ते कापड दुकानाच्या दारावर टांगलं आणि माझ्याकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतलं: "हे मी घेतलं. मी शिंपी आहे, तरी फसलो. हात लावून बघा." शेजारी खऱ्या लोकरीचा तो राखलेला तुकडाही टांगला. आठ दिवस बाजार हसला. "नाना, इटलीची गाडी कधी येणार?" असं लोक जाता-जाता विचारायचे. नाना म्हणायचे, "ये, डोया मिचीसन हात लाव." लोक हात लावायचे. आणि मग काही जण आवाज खाली करून सांगायचे: माझंही एक घड्याळ आहे; माझी पर्स आहे, घरी कुणाला माहीत नाही. नाना मशीन थांबवून ऐकायचे.

फिरायला निघालेले चार खोके शोधायला ते गावोगाव गेले. एक तर तिसऱ्या घरी पोचलेला, शिरपूरला सापडला. तीन परत आणले. ज्याच्याकडून आणला, त्याला बदल्यात स्वतः सदरा शिवून दिला. चौथ्याचा माग लागला नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सुती शे. चांगलं शे." मग थोड्या वेळाने विचारलं, "तो एक सापडना का?"

नाही सापडला, नाना.

दुकान आता बंद आहे. दारावरचं कापड चित्राने काढू दिलेलं नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. हे वाचून झालं की कपाट उघडा. आहेरात आलेला, सोनेरी रिबिनीचा बंद खोका असेल, तर तो पुढच्या लग्नात ढकलू नका. रिबीन सोडा, एक धागा काढा, काडी लावा. वितळला तर देणाऱ्याला हसू नका, त्याच्या पोरीला बोलू नका. कुणाचं तरी नाव घ्यावंसंच वाटलं, तर सुकलाल नानांचं घ्या. त्यांनीच मला ते लिहायला सांगितलं आहे.