थंड खोलीत मोजलेली चाल

एवढ्या उशिरा लिहितोय, माफ करा.

माझ्या मुलीला, सुषमाला, मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार आहे; उष्णतेत त्याचा त्रास वाढतो. सकाळी डॉक्टरांनी थंड खोलीत तिची चाल मोजली, सुधारणा आहे म्हणाले. दुपारी मी तिला कोरगावला सासरी सोडायला गेलो, तिथे चुलीच्या धगीत तिचे पाय गळाले, पेज सांडली.

"थंय डॉक्टराकडे बरी चलतंस, घरात नाटकां करतंस!" म्हणत जावयाने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. रक्त आलं. मी दांड्याने त्याचा हात मोडला आणि तिला माझ्या घरी, लाटंबार्शाला घेऊन आलो.

"बाबा, डॉक्टराक सांगा, माका चुलीकडे चलवन बघा," एवढंच ती म्हणते.

उद्या जावई भावांना घेऊन येणार. उकाड्यात, घरी येऊन चाल मोजणारा आणि हे नाटक नाही असं लिहून देणारा डॉक्टर कोणाला माहीत आहे का? लवकर कळवा हो.