जर्मनाची टोपी

“वढ, पर आवळू नगं,” असं म्हणत मामा सुईच्या आकड्यावरचा फास बोटानं सैल करायचे. “फास मोकळा ऱ्हायला तरच त्यातनं फुडचा निघतो.”

बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास नागापूरच्या आमच्या कारखान्यात ते फाटकावर रखवालदार होते. खाकी कपडे, झुपकेदार मिशा आणि मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा. क्रोशा विणणारा रखवालदार तुम्ही तरी पाहिलाय? कामगार हसायचे, “मामा, हे बायकांचं काम!”

“मला गड्यानंच शिकिवलं,” मामा शांतपणे म्हणत. आधी सरकगाठ, मग साखळी. साखळी गोल जोडली की तिच्यावर खांब, म्हणजे उभे टाके. विणायचे मात्र एकच, तान्ह्या बाळाची टोपी. कुणाच्या घरी पाळणा हलला की मामांची टोपी पोचलीच म्हणून समजा.

एका दुपारी वीज गेली, यंत्रं थांबली. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. “मामा, कोण होता तो गडी?”

दुसऱ्या महायुद्धात नगरच्या छावणीत जर्मन कैदी ठेवले होते. तरुण मामा तिथं जेवण वाढायचे. एका कैद्यानं टूथब्रशची दांडी घासून आकडा केला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यानं बोटांनीच शिकवलं. एक दिवस त्याला पत्र आलं, लेक झाल्याचं. त्यानं टोपी विणली आणि पत्त्याच्या चिठ्ठीसकट गुपचूप मामांच्या हातात दिली. टपालात टाक, अशी खूण केली.

“भाईर झडती चालली व्हती. टोपी माझी म्हनता आली असती, चिठ्ठी कशी म्हनू? चिठ्ठी चुलीत घातली.” मामांची सुई थांबली. “दुसऱ्या दिशी त्यानं हातानंच इचारलं, धाडली का? मी मान हालवली. व्हय म्हनलो.”

पुढं त्या कैद्यांना दुसरीकडे हलवलं.

“अजून येतो इचारायला,” मामा म्हणाले. “म्हनून मान खाली घालून इनतो. वर बगितलं की समोर असतो.”

त्याच वर्षी मला मुलगी झाली. बारशाला मामा आले. या वेळी टोपी नवी नव्हती. जुनी, पिवळी पडलेली, घडीवर विरलेली होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनंच राहू दे म्हटलं.

मामांनी टोपी बाळाच्या डोक्यावर चढवली आणि वाकून म्हणाले, “तुझ्या बापानं धाडलीया, बाय. उशीर झाला, त्यो माझ्यापायी.”

मी, तिचा बाप, पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंच नाही.