हातभर खाली

खेळत होते तोवर रिंगच्या जाळीला माझा हात एकदाही लागला नाही. उंची बेताची, म्हणून मी गार्ड. चेंडू पुढे न्यायचा, उंच पोरींच्या हातात द्यायचा आणि त्यांनी बास्केट केला की पाठ थोपटायची, हे माझं काम. सराव संपला की त्या उड्या मारून जाळीला हात लावायच्या आणि मला चिडवायच्या, "तू पण ये की गं." मी विद्यापीठाकडून खेळले, राज्याच्या शिबिरापर्यंत पोचले, मग गुडघा गेला आणि बीड जिल्ह्यात क्रीडाशिक्षिका झाले. जाळी राहिली ती राहिलीच.

ती हाताला लागली केस पिकायला लागल्यावर, आणि त्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

चौसाळ्याच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं. शाळेत आम्ही वर्षानुवर्षं मातीत खेळलो. चेंडू खड्ड्यात पडला की कुठे उडेल याचा नेम नसायचा. मग एकदाचं काँक्रीटचं कोर्ट झालं, नवे खांब, नवे बोर्ड, फीत, भाषणं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जाळीत झेंडूची माळ अडकलेली. सवयीने उडी मारली आणि माळ हातात आली, जाळीसकट. क्षणभर हरखले, खोटं कशाला सांगू. मग भानावर आले. हा असला गुडघा घेऊन मी एका रात्रीत उंच झाले होते की काय?

भानगड साधी होती. ठेकेदाराच्या माणसांनी आधी खांब रोवले आणि रिंगची उंची मातीपासून मोजली. अगदी बरोबर मोजली. त्यानंतर मुरूम टाकून दाबला आणि वर काँक्रीट ओतलं. जमीन वर आली, रिंग होती तिथेच राहिली.

ठेकेदाराला सांगितलं तर तो हसला. "हातभरानं काय होतंय, म्याडम?" मुख्याध्यापक म्हणाले, कागदावर माप बरोबर आहे, आता हात लावला तर चौकशी लागेल. मी म्हटलं, वेल्डर मी आणते, खांबांना वरून तुकडे जोडायचे, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तर संस्थेच्या मालमत्तेला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असं मलाच बजावलं. राहता राहिले संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "रिंग खाली हाय तर लई बेस झालं की. पोरींचे बॉल पटापट पडतील." या माणसाला शाळा चालवायला कुणी दिली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

चेंडू पटापट पडायचेच, तेच तर दुखणं होतं. सगळ्यात जास्त पडायचे ते नववीतल्या एका पोरीचे. लांब हात, शांत डोकं, आणि चेंडू सोडताना मनगट असं वळायचं की मी शिकवलं म्हणायची मला लाज वाटावी. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. घरात म्हातारं कुणी नाही, म्हणून तीही जाते, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीवर धाकट्या भावाला सांभाळते आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येते. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. संभाजीनगरच्या क्रीडा वसतिगृहात तिची निवड झाली असती तर हे थांबणार होतं. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं एका जागी. तिच्या आईनेही मान्य केलं होतं. भाऊ आमच्यासंगं राहील म्हणाली, हिचं तरी होऊ द्या.

बाहेरची रिंग वर असणार, हे मी पोरींना रोज घोकून सांगत होते. जमेल तेव्हा रविवारी एसटीने बीडला नेत होते, तिथे पोरांच्या खेळातून रिंग मोकळी झाली तर चार चेंडू टाकायला मिळायचे. पण हात शिकतो तो रोजच्या रिंगवर.

निवडीच्या दिवशी तिचा चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. निवड करणारे सर वाईट नव्हते. म्हणाले, "पोरगी चपळ आहे, पण नेम नाही." नेम नाही! मी त्यांना कोर्टाची सगळी कथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि पुढच्या पोरीला बोलावलं. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "बाई, तुमी सांगितलतं. पण हातानं ऐकलं न्हाई." आणि थोड्या वेळाने, "आपली रिंग वर कावून करीत न्हाईत?"



दिवाळीच्या आधी संस्थेने माझा सत्कार ठेवला, खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून. सत्कार कुठे, तर त्याच कोर्टावर. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. नातवाने त्यांना मोबाईलवर सर्बियाच्या कुणा कोचचा व्हिडिओ दाखवला होता. एवढासा देश, पण जगाला खेळाडू देतो, हा कोच स्वतः मोठा खेळाडू होता, गुडघा गेल्यावर शिकवायला लागला, असं सांगून ते म्हणाले, "आपुन बी सर्बियाचा कोच आनू." टाळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघा माझाही गेला होता. शिकवायला मीही लागले होते. फरक एवढाच की त्याच्या रिंगखाली कुणी काँक्रीट ओतलं नसावं.

शाल खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि स्टेजवरून उतरून थेट रिंगखाली गेले. उडी मारली. सगळ्या गावासमोर जाळी मुठीत धरली. मग वळून म्हटलं, "मी खेळत होते तेव्हा हे मला एकदाही जमलं नाही. आज जमतंय, कारण रिंग हातभर खाली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "बगा, या वयात बी बाई किती फिट हायेत." फोटो निघाले. फक्त माझ्या पोरी कडेला हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही टाळी वाजवली नाही.

दिवाळी झाल्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक शाळेसमोर थांबला. ती वर भांड्याकुंड्यांत बसली होती, मांडीवर भाऊ. मला पाहून तिने आवाज दिला, "बाई, रिंग वर झाली की निरोप धाडा." ट्रक गेला. मी कोर्टावर आले तेव्हा पाचवीची पोरं उड्या मारून जाळीला लोंबकळत होती, आणि मोठ्याने हसत होती.