टायफॉइडची साक्ष

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, गुरुवारची प्रार्थना कोणाच्या तरी घरी असते. गीतं होतात, वचन वाचलं जातं आणि मग साक्षीची फेरी सुरू होते. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. फेरी दाराजवळच्या माणसापासून सुरू होते, म्हणून मी दाराजवळ कधीच बसत नाही. अगदी शेवटीही बसत नाही, कारण शेवटच्या माणसाचं सगळे नीट ऐकतात. माझी जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून. फेरी जवळ आली की मी चहा बघायला उठते. चहा बहुतेक वेळा झालेलाच असतो. मी तो पुन्हा गरम करते.

आत उभं राहून मला सगळं ऐकू येतं. कोणाच्या मुलाची दारू सुटली. कोणाचा रिपोर्ट नॉर्मल आला. कोणाला उलव्याच्या फ्लॅटचा ताबा एकदाचा मिळाला, आणि बिल्डरचं हृदय प्रभूने मऊ केलं. "आमेन" म्हणताना मागून कोणीतरी हळूच विचारतं, "पार्किंगसकट का?" लोक हसतात. मला हे लोक आवडतात, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही.

आमच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा, त्याला दृढीकरण म्हणतात. ते झालं की प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेता येतो. बहुतेक मुलं दहावीच्या आसपास ते उरकतात. माझं राहिलं. आधी क्लासेस होते, मग खारघरचं कॉलेज, मग नोकरी. ही सगळी कारणं खरी आहेत आणि यातलं एकही खरं कारण नाही. दृढीकरणाआधी उमेदवाराने गुरुवारी साक्ष द्यायची, अशी आमच्या मंडळीची पद्धत आहे. माझ्याकडे साक्ष नव्हती.

त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, मी बाकावर बसून राहायची. ओळ उठली की गुडघे वळवून वाट द्यायची. बाया पुढे जाताना आपल्या पर्स माझ्या मांडीवर ठेवून जायच्या. "बघ गं जरा." माझ्याहून लहान चुलत भाऊसुद्धा मोबाइल माझ्या हातात देऊन गेला. पंचविशीच्या जवळ आलेली मी, पर्सचा ढीग सांभाळत त्यांच्या पाठी बघत बसायची. ते गुडघे टेकायचे, हात पुढे करायचे, आणि परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं. ते काय असतं ते मला कळत नव्हतं. मी विश्वास ठेवत नाही असं नव्हतं. पण मी ठेवते, याची खात्री मी कुठून आणायची?

शाळेत याच्या बरोबर उलटं होतं. इंग्लिश मीडियमच्या त्या वर्गात मी ख्रिश्चन आहे म्हटलं की मुली विचारायच्या, "म्हणजे गोव्याची?" नाही, पनवेलची. "मग घरी इंग्लिश बोलता?" नाही, मराठी. "मराठी ख्रिश्चन? असं असतं?" तिथे मी ख्रिस्ती असण्याबद्दल स्पष्टीकरण देऊन दमले, आणि चर्चमध्ये यावं तर इथेही पुरावा द्या.

या वर्षी मी दृढीकरणाच्या वर्गाला बसले. वर्ग पाळकसाहेबांच्या घरी, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत असायचा. बाकीची दोघं नववीतली. त्यांनी आपल्या साक्षी कधीच देऊन टाकल्या होत्या. एकाची सायकल रिक्षाखाली गेली होती आणि तो वाचला होता. दुसरी परीक्षेत पास झाली होती. मी मात्र राहिले होते, आणि पुढच्या प्रभुभोजनाआधी एकच गुरुवार उरला होता.

वर्ग संपल्यावर मी मागे थांबले. धीर करून विचारलं, "पाळकसाहेब, माझा विश्वास आहे, हे मला कसं कळणार?"

"छान प्रश्न," ते म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला. मंडप, खुर्च्या, कोणाचं तरी लग्न. फोन ठेवून त्यांनी बायबलमधल्या प्रेषिताच्या, म्हणजे येशूच्या शिष्याच्या, पत्रातला एक उतारा काढून दाखवला. "हे वाच. मराठीतून वाच. इंग्लिशमधून वाचलंस की तू परीक्षेचं वाचतेस."

हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

आत्याला मात्र माझी अडचण म्हणजे अडचणच वाटत नव्हती. आत्या निवृत्त नर्स, गुरुवारच्या प्रार्थनांची सगळी व्यवस्था तिच्याकडे. "तुझी साक्ष तर तयार आहे गं," ती म्हणाली. "टायफॉइड!"

टायफॉइडची गोष्ट आमच्या मंडळीत सगळ्यांना पाठ आहे. मी बालवाडीत असताना मला टायफॉइड झाला. ताप उतरेना. डॉक्टर मुंबईला हलवा म्हणाले. आत्या माझ्या उशाशी होती. मंडळीतले लोक हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून प्रार्थना करत होते आणि दुपारी आत्याच्या हाताखाली माझं कपाळ गार झालं. "या हाताखाली," असं म्हणून ती उजवा हात वर करते. ती ही गोष्ट इतकी वर्षं सांगते आहे की त्या वाक्याला आता सगळ्यांचे डोळे आपोआप तिच्या हाताकडे जातात.

"मला त्यातलं काही आठवत नाही, आत्या."

"न आठवायला काय झालं? मी आहे ना सांगायला."

"मग तूच सांग की."

"मी सांगतेच आहे. आता तुझी पाळी. फक्त 'माझ्या आत्याने' म्हणायचं तिथे 'मी' म्हण."

"मी काय म्हणू? मला गार वाटलं?"

"म्हण की! वाटलंच असणार."

आईने कांदा चिरता चिरता निकाल दिला, "दोन मिनिटांचं काम आहे. उगाच फाटे फोडू नकोस."

मी खोलीत जाऊन दार लावलं. दुसऱ्याच्या आठवणीला आपलं म्हणायचं, तेही देवासमोर, आणि त्या बदल्यात भाकर घ्यायची? आणि नाही म्हटलं तर पुन्हा पर्स सांभाळायच्या. मी रागारागाने पाळकसाहेबांनी सांगितलेला उतारा काढला. मराठी वाचताना माझं बोट अजून ओळीवरून चालतं. प्रेषित म्हणत होता, आम्ही ऐकलं, आम्ही डोळ्यांनी पाहिलं, आमच्या हातांनी चाचपलं. मनात म्हटलं, तुमचं बरं आहे. तुम्ही होतात तिथे. तुम्ही त्याच्याबरोबर जेवलात, त्याच्या बाजूला बसलात. मी कुठे होते? पनवेलमध्ये, कितीतरी शतकं उशिरा, आणि टायफॉइडसुद्धा आठवत नाही.

पुस्तक मिटणार होते. पण बोट ओळीवर होतं म्हणून पुढचं वाचलं गेलं. आम्ही पाहिलं ते तुम्हाला कळवतो, कारण तुमचीही आमच्याशी सोबत व्हावी, आणि आमची सोबत तर पित्याशी आणि पुत्राशी आहे. मी ते पुन्हा वाचलं. ज्यांना लिहिलं होतं त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. आणि तुम्हीही काहीतरी पाहून या, मग बोलू, असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. मला आणखी राग आला. मग दर गुरुवारी हे काय चाललंय?

गुरुवारी प्रार्थना आत्याच्याच घरी होती. विमानतळाच्या बाजूची धूळ येते म्हणून खिडक्या बंद, वर पंखा गरगरतोय, आणि आत्याने मला बखोटीला धरून दाराजवळ बसवलेलं. समोर मंडळीचा कारभार बघणारे एक पंच बसले होते. त्यांनी पनवेलच्या कोर्टात आयुष्यभर नोकरी केली. निवृत्त झाले तरी खिशाला पेन असतं. आपलं तारण झालं, म्हणजे प्रभूवर विश्वास बसला, त्या दिवसाची तारीख ते नेहमी सांगतात, आणि इतरांनाही विचारतात.

मी उभी राहिले. भिंतीला टेकले.

"सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मला लहानपणी टायफॉइड झाला होता." आत्याने मान हलवली. "मला त्यातलं काही आठवत नाही." आत्याची मान थांबली. "मला कधी स्वप्न पडलं नाही, आवाज आला नाही. माझ्याकडे तारीखही नाही. ज्यांनी प्रभूला पाहिलं, ज्यांनी त्याला हात लावला, त्यांनी सांगितलं. ते तुमच्यापर्यंत आलं आणि तुमच्याकडून मला मिळालं. मला ते खरं वाटतं. एवढंच."

मी बसले. 'आमेन' आलं नाही. आई माझ्याकडे बघेना.

पंचकाका घसा खाकरून म्हणाले, "बाळा, चांगलं बोललीस. पण हे ऐकीव झालं. कोर्टात कसं असतं, साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं सांगायचं. अमक्याने मला सांगितलं म्हटलं की जजसाहेब म्हणतात, अमक्यालाच आणा. तुझं स्वतःचं काय?"

दोघे-तिघे हसले. वाईट हेतूने नाही. पण आठवडाभराचा राग साचला होता, आणि रिक्षावाल्याला 'इथे थांबवा' म्हणतानाही दोनदा विचार करणारी मी म्हणाले, "काका, प्रभू कबरेतून उठला ते तुम्ही पाहिलंत?"

"अगं, माझं तारण ज्या दिवशी झालं..."

"ते नाही. तो उठला ते पाहिलंत?"



"नाही," ते म्हणाले.

"मग आपलं सगळ्यांचंच ऐकीव आहे. पाहणारे ते होते. आपण त्यांच्यात येऊन बसावं म्हणूनच त्यांनी सांगितलं. मी त्यांच्यात बसायला तुमची हरकत नसेल तर..." पुढचं मराठी मला सुचेना.

काकांनी खिशाचं पेन सारखं केलं. मग म्हणाले, "उलटतपासणी बरी घेतेस गं. वकील का नाही झालीस?" खोली हसली. पाळकसाहेब म्हणाले, "आमेन. रविवारी पांढरा ड्रेस घाल. पुढे कोण?"

संपलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी डोकं आपटलं, ते 'पांढरा ड्रेस घाल'वर संपलं. पुढच्या बाईंनी गॅस सिलेंडर वेळेवर आल्याबद्दल प्रभूची स्तुती केली.

चहानंतर आत्या स्वयंपाकघरात कप विसळत होती, नेहमीपेक्षा जोरात. मी पुसायला फडकं घेतलं.

"माझी गोष्ट सांगितली असतीस तर तुझी जीभ झिजली असती?"

"ती तुझी आहे आत्या. तू होतीस तिथे."

"तेच म्हणते. मी होते, मी पाहिलं, आणि तू म्हणतेस आठवत नाही."

ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन, पण तिला त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. का कोण जाणे, तेव्हा विचारलं. "तू घाबरली होतीस का?"

"घाबरले होते म्हणजे? नर्स होते मी. मुलं जाताना पाहिलेली. तुझे ओठ बघून मला सगळं कळत होतं." तिने नळ बंद केला. "मला प्रार्थनासुद्धा सुचत नव्हती. एक शब्द नाही. तुझ्या आईला वाटलं मी मनात करतेय. मी नुसती बसले होते."

"मग?"

"मग काय. जिन्यावर लोक करत होते. त्यांचा आवाज येत होता. म्हटलं, ते करतायत ना, आपण हात तरी ठेवावा." ओला उजवा हात तिने पदराला पुसला. "हे सभेत सांगायचं नसतं. कप पूस."

मी कप पुसले. माझा तिच्यावरचा राग गेला नव्हता, पण आता तो नेमका कशाचा ते सांगता येईना. तिने हे इतकी वर्षं गुरुवारी का सांगितलं नाही? हे ऐकलं असतं तर मी दहावीतच उभी राहिले असते.

रविवारी दृढीकरण झालं. माझी ओळ उठली तेव्हा मी सवयीने गुडघे वळवले. बाजूच्या काकूंनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या लक्षात आलं. "अगं बाई, तू पण येणार ना? मग या कोणाकडे द्यायच्या?" कोणाकडेच देता येईनात. त्या सगळ्या बाया पर्स कोपरात अडकवून पुढे गेल्या, आणि आत्या म्हणाली, "चल, रांग अडवू नकोस."

मी आत्याच्या शेजारी गुडघे टेकले. पंचकाका पाळकसाहेबांच्या मागे तबक धरून उभे होते. बेकरीच्या पावाचा चौकोनी तुकडा हातावर आला. मी तो खाल्ला आणि तो टाळूला चिकटला. काही झालं नाही. ऊब आली नाही, डोळे भरून आले नाहीत. तुकडा जिभेने सोडवत मी परत आले आणि बाकावर बसले. शेजारी आत्या अजून चावत होती.