बियाण्याला राखलेला अंजन

आमच्याकडं भोपळ्याच्या वेलावरचा एक भोपळा कुणी तोडत नाही. तो बियाण्याचा. मक्याचंही सगळ्यात टपोरं कणीस आढ्याला टांगून ठेवतात. एक राखलं की पुढच्या सालाची काळजी मिटते, हे लहानपणापासून पाहत आलो होतो. तेच शहाणपण मी डोंगरावर चालवलं.

पिशोर गावाच्या वरच्या अंगाला आमच्या पडीक उतारावर अंजनाची अकरा झाडं होती. आसपासच्या डोंगरांवरचा अंजन केव्हाच तुटला होता. मी संभाजीनगरात नोकरीला, जनावरं वडिलांकडं, म्हणजे दादांकडं. एका उन्हाळ्यात चारा संपला. अंजनाचा पाला जनावरं आवडीनं खातात, पण छाटलेलं झाड त्या साली फुलत नाही. वडील म्हणाले, "तीन-चार झाडं तरी राहू दे. बी धरंल."

मी पडलो रविवारचा शेतकरी, मला घाई. "दादा, बियाण्याला एक बास झालं," म्हणालो आणि सगळ्यात डेरेदार झाड सोडून दहा बोडकी करून टाकली.

पाऊस नावालाच पडला. छाटलेली झाडं पुन्हा फुटलीच नाहीत. एकेक वाळत गेलं, तसे दादा अबोल होत गेले. मरायच्या आधी तो उतार अंजनानं भरलेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. आता सगळी भिस्त त्या एका झाडावर.

पुढच्या चैत्रात ते झाड असं लगडलं, की मी खुळ्यासारखा नाचलो. खाली जुनी लुगडी अंथरून आम्ही चपट्या शेंगांची दोन पोती भरली. दादांनी पिशव्यांत माती भरून, शेंगा तशाच पेरून त्या अंगणात ओळीनं मांडल्या. महिनाभर त्यांनी रोज पाणी घातलं, आणि मी दर रविवारी येऊन मोठ्या आशेनं पिशवीन् पिशवी बघायचो. एकही कोंब वर आला नाही.

उरलेल्या शेंगा मी शहरातल्या एका रोपवाटिकेत नेल्या. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याची तरुणपणातली वर्षं हिमाचलात, देवदाराच्या जंगलात गेली होती. त्यानं शेंगेचं टोक चिमटीत दाबलं. "पोकळ आहे. जवळपास पराग द्यायला दुसरं फुललेलं झाड नव्हतं का? तिकडंही एकट्या पडलेल्या देवदाराला शंकू गच्च लागायचे अन् आत बी नसायचं. त्यात पाऊस नाही, मग दाणा भरणार कसा?"

तेव्हा कुठं माझी चूक मला कळली. भोपळा फळ धरल्यावर राखतात, झाडाला तर अजून फुलायचं होतं. आणि त्याच्या सगळ्या सोबत्यांवर मीच कोयता चालवला होता.

गावी पोचलो तेव्हा दादा वाकून पिशव्यांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"शेंगा पेरतानाच कळलं मला. बोटाला दाणा लागत नव्हता."

"मग महिनाभर पाणी कशाला घालत बसलात?"

"तू दर रविवारी येऊन बघतूस ना," ते म्हणाले आणि पुढच्या पिशवीकडं सरकले.